चौथं मिनिट

मोबाईलमधला व्हिडिओ गुरम्माच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर चालेना, म्हणून उदगीरच्या दुकानदार संगमेश्वरनं तो बदलून डिस्कवर उतरवून दिला. "तीनच मिनिटाचा हाय, मावशी," तो म्हणाला.

मोबाईलवर तिचा वारलेला नवरा कल्लप्पा "चल, गुरम्मा" म्हणायचा आणि दाराबाहेर पडायचा. बायकोसाठी थांबणं त्याला जिवंतपणीही जमलं नव्हतं.

टीव्हीवर मात्र तो दारातच थांबला. चौथं मिनिट लागलं, पाचवंही लागलं.

"चल की," तो पुन्हा म्हणाला.

गुरम्मानं ऐसपैस मांडी घातली. "न्हाई येत. जल्मभर तुमच्या मागं पळाले. लईच नड असंल तर तुम्हीच या."

पडद्यावर कल्लप्पानं पायातल्या चपला काढल्या. चपलांचा आवाज गुरम्माच्या पाठीमागं, उंबऱ्याशी झाला.