श्रावणबाळाची शाल

कात्रजच्या मंगल कार्यालयात रविराजला मातृसेवेबद्दल श्रावणबाळ पुरस्कार मिळत होता. आईच्या आजारपणात राबणं बायकोकडे, उत्कर्षाकडे, आणि पुण्य त्याच्या खात्यावर, असा घरचा हिशेब. ती पहिल्या रांगेत टाळ्याही वाजवत होती. त्याच्या अंगावर शाल, हातात नारळ आला, तेवढ्यात मंचावर शेजारीच व्हीलचेअरमध्ये बसलेल्या आई तुळजाबाई माइकजवळच म्हणाल्या, "रवी, मला बाथरूमला ने रं." त्यानं सवयीनं हाक मारली, "उत्कर्षा!" ती जागेवरूनच म्हणाली, "अहो, श्रावणबाळ तुम्ही. न्या की." सभागृह खुदखुदलं. त्यानं नारळ सावरत आईचा दंड ओढला. "मेल्या, पोतं हाय का मी?" म्हातारी कळवळली. उत्कर्षा मंचावर चढली. रविराजनं शाल काढून दिली, "घडी घालून ठेव." तिनं ती स्वतःच्या खांद्यांवर नीट पांघरली आणि मगच वाकून सासूच्या काखेत हात घातले. तुळजाबाई कडाडल्या, "नारळबी दे तिला."