पुढचं दार

डेनिस थ्वेटने दार ठोठावलं, थांबली, पुन्हा ठोठावलं. उत्तर नाही. नगर कौन्सिलच्या शाळा-हजेरी विभागाकडून या घरी तिची ही चौथी खेप. दाराला जवळजवळ टेकूनच तिने ऑफिसला फोन लावला.

"बॅरी, मी डेनिस. ब्रायर्लींच्या दारात उभी आहे. छे रे, कोण उघडतंय! अकरा वाजत आले, अजून लोळत असतील. पोरगी सहा आठवडे शाळेत नाही आणि आईला काही पडलेलीच नाही. असल्यांना कोर्टच दाखवावं लागतं. शुक्रवारी जाऊ देत कागद."

मग तिने दारातल्या पत्रांच्या फटीतून कौन्सिलचं पिवळं कार्ड आत सरकवलं. त्यावर छापलेलं होतं, 'आपल्या पाल्याच्या हजेरीबाबत मदत करण्यासाठी आलो होतो. आपली भेट झाली नाही.'

शेजारच्या मिसेस ऑग्डन कचऱ्याचा डबा ओढत बाहेर आल्या. "काय गं बाई, पुढून कसली ठोकतेस? इथं पुढून पोलीस येतात, नाहीतर मयत जातं. मागून जा की!"

डेनिसला कोणीतरी कानाखाली दिल्यासारखं झालं. ती काही परकी नव्हती. दोन गल्ल्या वरच्या अशाच घरात ती वाढली होती, आणि तिच्या आईनेही आयुष्यभर माणसांना मागच्याच दाराने घरात घेतलं होतं. हे आपण कधी विसरलो, ते काही तिला आठवेना.

मागचं दार बारा वर्षांच्या मेसीने उघडलं. बाह्या कोपरापर्यंत वर, हात साबणाचे. डेनिसच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहताच ती दार लोटायला लागली. तेवढ्यात आतून आवाज आला, "येऊ दे त्यांना, मेसी. किती वेळा परत पाठवायचं?"

पुढच्या खोलीत पलंग रस्त्याकडच्या दाराला अगदी खेटून लावलेला होता. उशी आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त दाराची फळी. पलंगावर मेसीची आई, लिआन. कंबरेखाली तिच्यात जीव नव्हता. पलंगाशेजारच्या भांड्यावर तिने घाईघाईने टॉवेल ओढला, पण हात नीट पोचेना, म्हणून तो मेसीने सारखा केला. आत्ताचं पिवळं कार्ड पांघरुणावरच पडलेलं होतं.

डेनिसने दाराकडे पाहिलं, मग उशीकडे.

"तुम्ही... हाक का नाही मारलीत?"

"मारणार होते. पहिल्याच खेपेला. तोंड उघडलंसुद्धा होतं." लिआन पांघरुणाकडे बघत होती, जणू ऐकलं हा तिचाच गुन्हा. "तेवढ्यात तुम्ही फोनवर बोलायला लागलात."

डेनिसला जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पहिल्या खेपेला आपण काय बोललो होतो, ते तिला आठवत नव्हतं. आजच्यापेक्षा बरं नक्कीच नसणार.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"तुमचं तरी काय चुकलं? पोर घरी असते हे खरंच आहे. थंडीत माझे पाय गेले. तेव्हापासून हीच मला उठवते, धुते, भरवते. कोणाला कळलं तर उचलून नेतील हिला, म्हणून गप्प बसले."

"मला नाही जायचं कुठे," मेसी म्हणाली.

"आई आजारी आहे म्हणून कोणी पोर उचलून नेत नाही गं. सकाळी मदतीला माणूस पाठवायचा, तू शाळेत जाशील अशी सोय करायची. आमचं कामच आहे ते."

बोलता बोलता डेनिसचा आवाज उतरला. तिने त्या दोघींसमोरच पुन्हा फोन लावला. "बॅरी, ब्रायर्लींचे कागद फाड. आई घरातच होती. चारही वेळा. मीच धड आले नाही. हो, लिही जसंच्या तसं. आणि उद्या सकाळपासून इथं कोण येऊ शकेल ते बघ. कोणी मिळेपर्यंत मी येईन."

मग ती मेसीकडे वळली. "आज मी थांबते. तू जा शाळेत."

मेसीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, तशी ती दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाली. खाली आली ती शाळेच्या स्वेटरमध्ये. सहा आठवड्यांत त्याच्या बाह्या आखूड झाल्या होत्या.

"उशीर का झाला विचारलं तर?"

"माझं नाव सांग. डेनिस थ्वेट, कौन्सिल."

लिआनने पहिल्यांदाच मान वर केली. "नको. तेवढं नका करू. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंची मुलगी हिच्याच वर्गात आहे. कौन्सिलची बाई कोणाच्या घरी येते ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळतं. दातांच्या डॉक्टरकडे गेली होती म्हणून सांगू दे. चिठ्ठी तेवढी द्या लिहून. माझी बोटं चालत नाहीत. सही करीन कशीतरी."

असल्या चिठ्ठ्या खोट्या पाडण्यात डेनिसची एकोणीस वर्षं गेली होती. तिने पिशवीतून कागद काढला. कौन्सिलचं नाव छापलेला वरचा भाग दुमडला, घडीवरून नख फिरवलं, तेवढा पट्टा फाडून मुठीत घेतला आणि उरलेल्या कागदावर लिहायला सुरुवात केली.