चौथा पिस्टन

सातव्या ठोक्याला चौथा पिस्टन हलला. त्रिंबकनं लाकडी ठोकळा बाजूला टाकला, पिस्टन अलगद वर ओढून पोत्यावर ठेवला आणि त्यावरून रॉकेलचा फडका फिरवला. मग तो नुसताच बघत बसला.

सुगंधा दारात उभी होती. कडेवर अकरा महिन्यांची बाना. अंगणभर नट-बोल्ट पसरल्यापासून तिनं पोरीला खाली सोडलंच नव्हतं.

"काय झालं?"

"काहीच झालेलं नाही," त्रिंबक म्हणाला. "ह्या इंजिनाला काहीच झालेलं नव्हतं."

तीन महिन्यांपूर्वी ही जुनी फियाट त्यानं चितेगावच्या मळ्यातून, कडब्याच्या गंजीआडून काढून टेम्पोनं मुकुंदवाडीला आणली होती. "भंगारात घाल तिला," तात्यासाहेब म्हणाले होते. त्यानं बापाचं ऐकलं नाही. वाळूजच्या कारखान्यात सोबतचे हसले. "गाडी चालू करतो का तिची समाधी बांधतो रे?" तोही हसला. दर रविवारी गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक उघडं ठेवून एकेक भाग खोलत राहिला. कारण फक्त सुगंधाला ठाऊक होतं. जळका पिस्टन त्याला बापाच्या पुढ्यात ठेवायचा होता. "काय केलंय ते डोळ्यांनी बघू दे त्यांना."

एकतीस वर्षांपूर्वी तात्यासाहेब याच गाडीतून बायकोला, मनकर्णाबाईला, बाळंतपणासाठी शहराकडे आणत होते. गाडीत पाणी घालायचं राहिलं. पैठण रस्त्यावर इंजिन तापून धरलं, जागीच जाम झालं. मागच्या सीटवर तात्यासाहेबांच्या विधवा बहिणीनं, भागूबाईनं, त्रिंबकला सोडवलं. मनकर्णाबाईचा रक्तस्राव थांबेना. दुसरं वाहन मिळायच्या आत ती गेली. गाडी बैलं जुंपून माघारी ओढत आणली. "पाणी बघायचं माझ्याकडून राहिलं," हे तात्यासाहेबांनी स्वतः साऱ्या गावासमोर सांगितलं. मेहुण्यांनी पायताणानं मारलं, तेव्हाही त्यांनी हात वर केला नाही.

त्रिंबक त्या एका वाक्यावर वाढला. आत्याला तो माय म्हणायचा. बापाशी कामापुरतं बोलायचा. बाप आणि आत्या, दोघं म्हातारे राहायला मुकुंदवाडीला आले, तेव्हा सुगंधाही सावध झाली. तात्यासाहेबांनी बानासाठी हात पुढे केले, की ती म्हणायची, "आत्ताच दूध प्यालीय, ओकेल." अकरा महिने ती हेच म्हणत आली होती.

"हे बघ," त्रिंबकनं पिस्टन तिच्याकडे वळवला. "पाण्याविना इंजिन धरलं, की पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे उठतात. धातू वितळून भिंतीला चिकटतो. चारपैकी एकावर तरी ओरखडा आहे का? हे अडकले होते ते गंजानं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहून चढलेल्या."

फाटक वाजलं. तात्यासाहेब पेपर घेऊन आत आले. त्रिंबकनं पिस्टन त्यांच्या पुढ्यात ठेवला. तीन महिने घोकलेलं वाक्य मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही.

"तात्या, गाडी बंद पडली नव्हती."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"अकरा वर्षं लेथवर उभा आहे मी."

आतून भागूबाई भाकरी थापत असल्याचा आवाज येत होता. तात्यासाहेबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "हळू बोल," ते म्हणाले आणि ओट्यावर टेकले.

"मग थांबली कशी?"

"मीच थांबवली." त्यांनी पेपरची घडी मोडली, पुन्हा घातली. "तू झाला व्हतास. वार पडली नव्हती, नाळेमागचं समदं आतच व्हतं. भागूअक्का म्हनली, गाडी हलवू नको, बाळंतीन हलली की वार वर चढती. वार पडू दे, मग चल. आपल्यात तसंच मानायचे. माझ्या आईच्या येळेलाबी तसंच केलेलं. मी किल्ली काढली अन् बाभळीपाशी पाठ करून हुबा राह्यलो. बायकांच्या कामात गड्यानं बघायचं नसतं ना. घंटाभर हुबा व्हतो."

"शहर किती राहिलं होतं?"

"दोन कोस." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "इंजिन गरम व्हतं. एका सेल्फला चालू झालं असतं."



सुगंधा आजवर सासऱ्यांशी पदर सावरून, दोन शब्दांत बोलत आली होती. आता ती अंगणात उतरली.

"चालती गाडी बैलांनी ओढत आणली तुम्ही? आणि परत कधी चालू केली नाहीत?"

"चालू झाली असती तर लोकांना कळलं असतं, पोरी."

"पण तुम्ही का अंगावर घेतलं सगळं? मार खाल्लात, ह्यांचा राग सोसलात. एकदा तरी खरं सांगायचं."

आतला भाकरीचा आवाज थांबला होता. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास अंगणात आला, तरी कुणी उलटली नाही. तात्यासाहेबांना तो वास आला असावा. तरीही आता त्यांनी आवाज दबका ठेवला नाही. ते त्रिंबककडे बघून म्हणाले,

"खरं सांगितलं असतं, तर तुझ्या मामांनी अक्काला घरात टिकू दिलं नसतं. एक आई तर रस्त्यातच गेली व्हती, लेका. दुसरीबी घालवली असती, तर दीड दिवसाच्या तुला मी जगवलं कसं असतं?"