आरशाची पोच

“हे मराठी नाय आणि इंग्रजी पण नाय,” शिवराजनं मोबाइल स्वरदाला परत दिला. “उर्दू आहे. आमच्या घरात उर्दू कुणाला येतं, तुम्हीच सांगा.”

मोबाइलवर सहीचा फोटो होता. पार्सल घेणाऱ्यानं कुरिअरवाल्याच्या फोनवर बोटानं ओढलेली, वळणं घेत गेलेली एक रेघ. स्वरदा राहायची त्या पुंडलिकनगरातल्या झेरॉक्सवाल्यानं उर्दू लगेच ओळखलं होतं, पण नाव काही त्यालाही लागलं नव्हतं.

स्वरदाला खरं तर फुलंब्रीला शिवराजच्या घरी यायचं कारण नव्हतं. ती ज्या संकेतस्थळावरून विक्री करायची, त्यांनी कळवून टाकलं होतं: सही मिळाली आहे, विक्रेत्याची जबाबदारी संपली. नियमाप्रमाणे ती सुरक्षित होती. आरसा तेवढा बेपत्ता होता.

दुर्बिणीचा आरसा. गच्चीवरच्या खोलीत काचेवर काच घासून सगळा हिवाळा तिनं तो हातानं घडवला होता. त्या खोलगट काचेत केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी फरक पडला असता, तरी चांदण्या फिसकटल्या असत्या. शेवटच्या चाचणीत त्यात शनी दिसला, कड्यासकट. आपल्या हातांनी घासलेल्या काचेत एवढं लांबचं काहीतरी येऊन थांबलंय, हे पाहून तिला बराच वेळ हलवेना.

शिवराज शाळेत शिक्षक होता. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. “ढग नाहीत तर नाहीत, आभाळ तर मोकळंय,” म्हणत त्यानं पोरांसाठी दुर्बीण बांधायला घेतली आणि आरसा मागवला. पोच झाल्याचा मेसेज आला. आरसा आला नाही.

अंगणात कुरिअरचा मुजीब हेल्मेट हातात घेऊन उभा होता. त्याच्या ऑफिसनं बजावलं होतं: सही आपली नाही असं घरच्यांनी लिहून दिलं, तर उद्यापासून येऊ नको. पोलिसात तक्रार वेगळी.

“सर, त्या टायमाला टँकर आला होता,” तो म्हणाला. “सगळी गल्ली हंडे घेऊन पळत होती. दारातून कुणीतरी हात पुढं केला. मी खोकं दिलं, फोन पुढं धरला, सही घेतली, निघालो. चेहरे नाय राहत ध्यानात.”

“चेहरा नाय राहत, पण उर्दू बरोबर उमटतं,” शिवराज म्हणाला. “तूच ओढली असशील रेघ.”

“मला उर्दूचं पहिलं अक्षर, अलिफ, तेपण येत नाय, सर! मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतला. अम्मी अजून टोमणे मारती, खाला को चिठ्ठी नै लिख सकता, ओव्या पाठ है म्हणून.”

शिवराजची आई मुक्ताबाई खुदकन हसली. मग लेकाचा चेहरा पाहून तिनं पदर तोंडाला लावला.

पडवीत बाजेवर शिवराजचे आजोबा कडुबा, घरातल्यांचे आबा, बसले होते. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा आवाज गेला होता. त्यांनी बाजेवर हात आपटला आणि अंगणातल्या हौदाकडं बोट केलं.

“पाणी मागत्यात,” मुक्ताबाईनं तांब्या पुढं केला. आबांनी तो बाजूला सारला. “आवो सांडू नका, लई भांडून मिळालंय. होळीपासून हौदात ठिपूस नाय, आबा. काय बघायचं त्याच्यात?”

आबांनी पुन्हा हौदाकडंच बोट केलं.

“त्या दिवशी आजोबा घरीच होते ना?” स्वरदानं विचारलं.

“होते. पण सही कुठून येणार त्यांना?” शिवराज म्हणाला. “रेशन असो, बँक असो, जन्मभर अंगठा.”

“त्यांच्या लहानपणी निजामाचं राज, ताई,” मुक्ताबाई म्हणाली. “हितं मराठी शाळा होती कुठं?”

स्वरदा मुजीबकडं वळली. “हे होते का?”

मुजीबनं म्हाताऱ्याकडं निरखून पाहिलं. व्हय म्हटलं असतं तर निदान थोडी सवड मिळाली असती.

“नाय सांगता येत, मॅडम. उगा म्हाताऱ्या माणसावर कशाला ढकलू?”

शिवराजनं वहीतला कागद फाडला आणि मास्तरी अक्षरात लिहिलं: ‘पार्सलवरील सही आमच्या घरातील कोणाचीही नाही.’

“सर, एवढं लिहू नका,” मुजीब दोन पावलं पुढं आला. “चोर म्हणून निघालो तर या लाइनीत परत कुणी उभं करणार नाय.”

स्वरदानं कागदाकडं पाहिलं. सहीनं तिला वाचवलं होतं. या कागदानं शिवराजची भरपाई होणार होती. बुडणार होता तो एकटा मुजीब.

“थोडं थांबता येईल का?” ती म्हणाली.

“किती थांबायचं? पोरं रोज विचारत्यात.”

शिवराजनं सही केली. मुक्ताबाईनं एकेक अक्षर जुळवत आपलं नाव काढलं. “आबांचं पण घे रे,” ती म्हणाली. “घरातले म्हटल्यावर सगळे आले.”

शिवराजनं कपाटातून शाईचं पॅड आणलं, बाजेवर टेकला आणि आबांचा अंगठा धरायला हात पुढं केला.

आबांनी अंगठा मुठीत मिटून घेतला. नातवाच्या खिशातला पेन काढला. कागद मांडीवर सरळ केला, त्याच्या उजव्या कडेला पेन टेकवला, आणि सावकाश, न अडखळता, डावीकडं लिहीत निघाले.