मुंबईला नेलेली टोपी

वासू कॅसलरॉकहून तबकडी घेऊन आला तेव्हा गुंद गावच्या मांडावर पाय ठेवायला जागा नव्हती. शिगम्याचे खेळ व्हायचे ते हे अंगण. आज भर दुपारी, मळणी अर्धी टाकून लोक तिथं जमले होते. रामनगरचे दुकानदार बाबुरावअण्णा आपला फोनो बैलगाडीत पेंढ्यावर बसवून घेऊन आले होते. चावीला ते कुणाला हात लावू देत नव्हते.

"काय लिवलंय ते वाच की रं वासू," फुला म्हणाली. ज्याचा आवाज तबकडीत होता त्या लाडूची ती बायको. आज तिला सगळ्यांच्या पुढं बसवलं होतं.

वासू कॅसलरॉकला रेल्वेत गँगमन; तबकडी त्यानं बेळगावात घेतली होती. त्यानं तबकडीच्या मधल्या गोल कागदावर बोट ठेवलं आणि शाळेत वाचावं तसं वाचलं, "फॉरेस्ट गार्ड व मोळीवाला. विनोदी संवाद. लाडू गुंदकर आणि मंडळी."

"गुंदकर!" सगळा मांड ओरडला. लाडूला जाऊन दोन पावसाळे झाले होते. जिवंतपणी त्याला गुंदकर कुणी म्हटलं नव्हतं.

मागं खांबाला टेकलेल्या गुणानं मात्र पुढचाच शब्द ऐकला. मंडळी.

पंधरा शिगमे लाडू गार्ड झाला आणि गुणा मोळीवाला. लाडू विचारायचा, गुणा उत्तर द्यायचा, लोक पोट धरून लोळायचे. तबकडी भरायला मुंबईच्या कंपनीचं बोलावणं आलं तेव्हा गुणा तापानं फणफणला होता. लाडू एकटाच गेला. जाताना त्यानं गार्डाची टोपी, सुपारीच्या सुकलेल्या पोयीची, सालपटासारखी टणक, गाठोड्यात घातली तेव्हा गाव हसलं होतं. "प्लेटीत टोपी दिसती व्हय रं?" परतल्यावर तो "झालं काम" एवढंच म्हणाला. मोळीवाला कोण झाला ते गुणानं विचारलं नाही. लाडूनंही सांगितलं नाही. पुढच्या पावसात लाडूच गेला.

"मंडळी म्हंजे कोण रं गुणा?" शेजारी बसलेल्या रामचंद्रानं डिवचलं. "तुझ्यापरीस चांगला गडी गावला असंल मुंबईत."

"असंल. ऐकूया की."

बाबुरावांनी नवी पिन लावली, चावी दिली. खरखर झाली आणि भोंग्यातून लाडू गरजला, "ए मोळीवाल्या! हुबा ऱ्हा! मोळी कुठली?"

फुलानं दोन्ही हात तोंडावर दाबले. लोक उठून उभे राहिले. "त्योच! त्योच हाय!"

मग नुसती खरखर.

"आन रान कुणाचं?" लाडूनं विचारलं.

खरखर.

"सरकार कुणाचं?"

बाबुरावांनी फोनोच्या पेटीवर थाप मारली. उपयोग झाला नाही.

"मग मोळी चालली कुणाच्या घरी?"

ह्या वेळची खरखर लांबली, इतकी की लोक एकमेकांकडे बघू लागले. मग लाडू म्हणाला, "हसा, हसा! चालली माझी नोकरी!" आणि शेवटी काहीतरी वाजलं. टप्प.

"फुटलंच बघा शेवटी," बाबुराव म्हणाले. "मोळीवाल्याचं बोलणं सगळं गेलंय. प्लेट बिघडलेली हाय."

"बेळगावचा दुकानदारबी त्येच म्हनला," वासूचा चेहरा उतरला. "मधी मधी मुकी हाय, म्हनून कुणी घेत न्हाई."

बाबुराव तबकडी उचलू लागले.

"हात लावू नका!"

गुणा लोकांच्या पायांवर पाय देत पुढं आला.

"अण्णा, परत लावा. पयल्यापासनं."

"अरे, बिघडलीया ती."

"लावा म्हनतो न्हवं!"

बाबुरावांनी लावली. गुणानं धोतर गुडघ्यावर खोचलं, पाठीवर मोळी घेतल्यासारखा वाकला.

"ए मोळीवाल्या! हुबा ऱ्हा! मोळी कुठली?"

"रानातली, सायेब," गुणा म्हणाला.

"आन रान कुणाचं?"

त्याचा शब्द संपला आणि लाडूचा सुरू झाला. मधे सुई शिरेल एवढीही फट नव्हती. लोक पुढं सरकले.

"सरकारचं, सायेब."

"सरकार कुणाचं?"

"आता आमचंच म्हनत्यात, सायेब."

"मग मोळी चालली कुणाच्या घरी?"

गुणानं हात जोडले. "तुमच्याच, सायेब. बाईसायबांनी मागवलीया."

मांड फुटला. बायका पदरात तोंड घालून हसल्या, रामचंद्र पेंढ्यात कोसळला, फुला हसता हसता रडली. तबकडी नुसती फिरत होती. हसू ओसरायला लागलं, आणि नेमकं तेव्हा लाडू म्हणाला, "हसा, हसा! चालली माझी नोकरी!"

गुणाचा हात आपोआप वर गेला. पंधरा शिगमे ह्याच वाक्याला तो लाडूची टोपी उडवत आला होता. हात हवेतून फिरला, त्याला काहीच लागलं नाही.

भोंग्यात वाजलं. टप्प.

"ह्ये काय फुटलं, भावजी?" फुलानं विचारलं.

गुणाचा हात अजून वरच होता.

"टोपी," तो म्हणाला. "सोताच पाडली, त्या भाड्यानं."