वहाळावरची सावली

काठची झाडं तोडून लोकांनी शेतं वाढवली, तसं गावच्या वहाळाचं पाणी तापू लागलं आणि मासे दिसेनासे झाले. आखातात, हूऱ्यात प्लंबर असलेल्या शिवदासने मात्र हट्ट सोडला नाही. तिथून फोन करकरून, एकेका शेतकऱ्याच्या मागे लागून त्याने काठाने करंज लावून घेतले. "अरे, पाण्यावर सावली करा, आपोआप गार राहतं!"

झाडं वाढली, आणि काही वर्षांनी आज भावाने व्हिडिओ पाठवला. गर्द सावलीतलं पाणी आणि त्यात सुळसुळणारे मासे! "अगं, मासे परत आले!" शिवदासने आनंदाने हाक मारली.

तेवढ्यात, भर जुलैच्या रणरणत्या दुपारी, बाथरूममधून त्याची बायको रंभा ओरडली,

"अहो, मासे वाचले ना? मग आता गच्चीवरच्या टाकीवर पण जरा सावली करा, इथे नळाखाली माझं कालवण होतंय!"