कापलेले पट्टे

तिने अंगठ्याने कडीचा खटका दाबला आणि सोडला. कडी खट्‌कन मिटली. ती बाजूला ठेवून तिने दुसरी उचलली. नवरा शेजारीच उभा होता. तोही एक उचलून खटखट करून बघत होता, जणू दोघं मिळून घरासाठी पडदे निवडायला आली होती.

दुकानदार स्वतः चढणारा माणूस. तरुणपणी कसल्याही खडकाला चिकटायचा म्हणून सगळे त्याला मुंगळा म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. त्याने क्विकड्रॉचे चार प्रकार काउंटरवर मांडले होते. वस्तू तशी साधीच, दोन कड्या आणि त्यांना जोडणारा वीतभर पट्टा. एक कडी खडकात ठोकलेल्या बोल्टला अडकवायची, दुसरीत आपला दोर घालायचा आणि पुढे चढायचं. हात सुटला तर खाली उभा असलेला जोडीदार दोराचं दुसरं टोक आवळून धरतो, आणि माणसाचा सगळा भार त्या वीतभर पट्ट्यावर येतो.

"या सगळ्यात हलक्या आहेत," नवरा म्हणाला. "याच घेऊ. कमरेला ओझं नको तुझ्या."

तिने ते कानाआड केलं. हलक्यांचा पट्टा करंगळीहून बारीक होता. अवघड जागी दम संपला की हाताने पट्टाच धरावा लागतो, आणि बारीक पट्टा बोटांत रुततो. तिला रुंद पट्ट्याच्या हव्या होत्या, आणि दोराकडची कडी रबराने घट्ट बसवलेली, म्हणजे घाईच्या वेळी ती भलतीकडे फिरत नाही. हे सगळं त्यालाही ठाऊक होतं. त्यानेच तिला शिकवलं होतं.

मुंगळ्याने सहज विचारलं, की जुन्यांचं काय झालं, त्या नेऊन फार दिवस नाही झाले.

"झिजल्या," नवरा म्हणाला. "पट्टे तुटायला लागले. म्हटलं, जिवाशी खेळ नको."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस ती गप्प होती. सासूने समजावलं होतं, भांड्याला भांडं लागायचंच, रागाच्या भरात होतं माणसाच्या हातून एखादं, आणि नवीन घेऊन देतोय ना तो? आईनेही फोनवर तेच सांगितलं, फक्त थोडं रडून. त्याने स्वतः माफीच्या नावाखाली एवढंच म्हटलं होतं, चल, तुला आवडतील त्या घेऊ. नेमकं काय झालं ते मात्र घरात कुणीच तोंडाने उच्चारलं नव्हतं.

ज्या सुळक्यावर तो वर्षानुवर्षं धडका देत होता, तो त्या रविवारी ती एका दमात चढून गेली होती. खालच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. परतताना गाडीत तोही हसतखेळत बोलत होता. दुसऱ्या दिवशी ती कामावरून घरी आली, तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिच्या बाराच्या बारा क्विकड्रॉ मांडलेल्या होत्या. प्रत्येकीचा पट्टा मधोमध कापलेला. आणि सगळ्या नीट एका ओळीत. त्या ओळीचाच तिला सगळ्यात जास्त राग होता. रागाच्या भरात माणूस फेकतो, आपटतो. ओळ लावत बसत नाही.

मुंगळ्याचा चेहरा मात्र उतरला होता. आपल्या दुकानातला पट्टा तुटतो म्हणजे काय? तोच माल आणखी कितीतरी जणांनी नेला होता. तो खोदून खोदून विचारू लागला, कुठल्या खडकावर तुटला, कोण पडलं, कुणाला लागलं का. बनवणाऱ्यांना कळवायला हवं, बाकीच्यांना आजच फोन करायला हवेत. नवरा म्हणाला की एवढं काही नाही, जाऊ द्या. मुंगळा जाऊ देईना. त्याने फोन हातात घेतलासुद्धा.

तिने पिशवीतून एक जुनी क्विकड्रॉ काढून काउंटरवर ठेवली. लांबी ताडून बघायला म्हणून आणली होती, निदान निघताना तिने स्वतःला तसं सांगितलं होतं.

"तुमच्या मालात खोट नाही," ती म्हणाली. "ही घरी तुटली."

मुंगळ्याने फोन ठेवला आणि ती हातात घेतली. झिजून तुटलेल्या पट्ट्याची टोकं पिंजलेली असतात. ही टोकं सरळ होती, कागद कापावा तशी. त्यांच्यावरून त्याने बोट फिरवलं. मग नवऱ्याकडे न बघता त्याने तिला विचारलं, "आणि तू चढतेस तेव्हा खाली दोर कोण धरतं?"

"हाच धरायचा."

ते 'धरायचा' नवऱ्याच्या कानाला खटकलं. त्याने हातातली हलकी क्विकड्रॉ काउंटरवर आपटली. परक्या माणसासमोर माझी शोभा करायला आणलंस का, असं तो म्हणाला. चार पट्ट्यांसाठी नवऱ्याला गुन्हेगार ठरवायचं का, असंही म्हणाला. शेवटी नवऱ्याचा आवाज चिरकला.

"इतक्या वेळा पडलीस तू. एकदा तरी सोडला का मी दोर?"

खरं होतं. एकदाही सोडला नव्हता. थंडीने बोटं बधिर झाली तेव्हा नाही, तिच्या पायाखालून निसटलेला दगड त्याच्या खांद्यावर बसला तेव्हाही नाही. तिला ते सगळं आठवलं, आणि राग निवायच्या ऐवजी आणखीच धुमसला.

तिने रुंद पट्ट्याच्या बारा क्विकड्रॉ मुंगळ्याकडे सरकवल्या. नवऱ्याचा हात खिशाकडे गेला होता, तो तिने बाजूला सारला आणि स्वतःचं पाकीट काढलं.

"नाही सोडलास," ती म्हणाली. "म्हणून तर मी कधी खाली बघितलं नाही."